ललिताबाईंचे चित्रपट जोडीनं दाखवा: फिल्म सोसायट्यांना एक खुलं पत्र

फिल्म सोसायट्या चालवणाऱ्या आणि जुन्या चित्रपटांचे महोत्सव भरवणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

पुढच्या वर्षीचे कार्यक्रम तुम्ही आता ठरवायला घ्याल. त्यातल्या तीन संध्याकाळी अभिनेत्री ललिता पवारांसाठी राखून ठेवा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे. आणि त्या तिन्ही संध्याकाळी त्यांचे चित्रपट सुटे न दाखवता जोडीनं दाखवा. का, ते सविस्तर सांगते.

गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीनं पडद्यावरच्या खलनायिकांवर कार्यक्रम ठेवला होता. मी मुद्दाम गेले होते. निवेदकांची तयारी चांगली होती. ललिताबाईंच्या वाट्याला पंधरा मिनिटं आली. त्यातली पहिली पाच त्या थपडेची. साल १९४२, ‘जंग-ए-आझादी’चं चित्रीकरण, सहकलाकार भगवानदादांचा हात प्रसंगात जोरात बसला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. मग दृश्यांचे तुकडे. सुनेचा छळ, आणखी एका सुनेचा छळ, मग मंथरा. शेवटी त्यांच्या एकाकी अखेरीबद्दल दोन वाक्यं. सभागृहात लोक हळहळले आणि पडद्यावर पुढचं नाव आलं.

त्यात खोटं काही सांगितलं गेलं नाही. पण एक वाक्य मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. निवेदक म्हणाले, “त्या डोळ्यानं त्यांना खलनायिका केलं.” हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. लेखांत वाचलं आहे, दूरदर्शनवर ऐकलं आहे, आता मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितींतही तेच असतं. ते मला मान्य नाही, आणि त्याला उत्तर द्यायची जागा तुमचा पडदा आहे.

माझ्या सासूबाई रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की टीव्हीला हार घालायच्या. १९८७ सालची गोष्ट. मंथरा दिसली की मात्र त्यांची बोटं कडाकड मोडली जायची. “मेलीच्या डोळ्यातच विष आहे,” असं त्या म्हणायच्या. आमच्या घरात, आणि तुमच्याही असेल, ‘ललिता पवार’ हे माणसाचं नाव राहिलंच नव्हतं, तो एक शब्द झाला होता. कुणाची सासू खाष्ट निघाली की ‘अगदी ललिता पवार!’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत टीव्हीवर ‘अनाडी’ लागला. सासूबाई बसल्या होत्या. त्यातली घरमालकीण मिसेस डिसा मेली तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही. मी म्हटलं, “अहो, ही तीच मंथरा.” त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. “काहीतरीच बोलू नकोस. ही ती नव्हे.”

डोळा तोच होता. जोडीनं दाखवा असं मी म्हणते त्याचं मूळ त्या संध्याकाळी आहे.

आधी थपडेच्या अलीकडचं थोडं, कारण तुमच्या कार्यक्रमांत ते जवळपास कधीच येत नाही. येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी जन्मलेली अंबा सगुण ही मुलगी, म्हणजे पुढच्या ललिता पवार, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, मूकपटांच्या काळात, लहान वयातच पडद्यावर आली. १९३२ मध्ये ‘कैलास’ या मूकपटात तिनं काम केलं आणि त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. वय मोजा. सोळा. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ त्याच वर्षी आला. मूकपट संपत आले होते आणि ही मुलगी त्यात स्वतःचा पैसा आणि नाव घालत होती. पुढे बोलपटांत तिनं स्वतःची गाणी स्वतः म्हटली. ‘हिम्मत-ए-मर्दां’ १९३५ चा. १९३८ मध्ये ‘दुनिया क्या है’ हा बोलपट तिनं काढला तो टॉलस्टॉयच्या कादंबरीवर. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये ती होती. मास्टर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये ती होती, आणि त्याची कथा वि. स. खांडेकरांची. म्हणजे १९४२ च्या त्या दिवशी सेटवर कुणी भाबडी नवी नटी उभी नव्हती. जवळजवळ पंधरा वर्षं काम केलेली, नायिका आणि निर्माती म्हणून दोन वेगवेगळे धोके पत्करलेली बाई उभी होती.

मूकपटांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपले बहुतेक मूकपट आज उरलेलेच नाहीत. जुनी नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच सडून जायची, आणि जपून ठेवायचं कुणाच्या मनात नव्हतं. त्यामुळे त्यांचं तारुण्य आपल्याला पडद्यावर दाखवता येणं कठीण. पण त्या शाळेत त्या काय शिकल्या ते पुढच्या प्रत्येक चित्रपटात दिसतं. शब्दांशिवाय सगळं सांगायची सवय. मानेची ठेवण, पदर खोचायची तऱ्हा, चालताना टाच आधी टेकते की चवडा. चेहऱ्याची एक बाजू ऐकेनाशी झाली तेव्हा दुसऱ्या कुणी नटीनं घर धरलं असतं. यांच्याकडे उरलेलं सबंध शरीर बोलतं होतं.

आता जोड्या.

पहिली संध्याकाळ १९५५ ची. त्या एका वर्षात ललिताबाई ‘श्री ४२०’मध्ये केळेवाली गंगामाई आहेत आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये सीतादेवी. एक मुंबईच्या रस्त्यावर टोपली घेऊन बसणारी, दुसरी मोटारीतून उतरणारी. गंगामाई बसते कशी ते पाहा. रोज तासन्‌तास जमिनीवर बसणाऱ्या बाईचं अंग जसं पसरतं, गुडघे जसे सैल पडतात, तसं. गिऱ्हाइकाकडे पाहायचं तेव्हा ती मान वर करते, कारण सगळं जग तिच्यापेक्षा उंचीवर उभं आहे. तिचा तो बारीक डोळा पाहून वाटतं की उन्हात बसून बसून तो असा मिटत गेला असेल. शंभर रुपयांत घर मिळेल म्हणून फुटपाथवरची माणसं आपली पुंजी घेऊन येतात तो भाग लक्षात ठेवून पाहा. त्या गर्दीला एक चेहरा लागतो आणि तो तिचा आहे.

सीतादेवी मात्र बसतानासुद्धा ताठ. हिचा तोच डोळा तुच्छतेनं बारीक झालेला दिसतो. बायकांच्या हक्कांसाठी सभा घेणारी, भाचीचं लग्न कागदोपत्री उरकून लगेच घटस्फोट घ्यायला लावणारी आत्या. हिंदू विवाह कायदा त्याच १९५५ सालचा, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला हे ताजं होतं. मला हा चित्रपट गुरुदत्त यांचा असूनही एका बाबतीत पटत नाही. घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या बाईची त्यानं टर उडवली आहे आणि शेवटी भाचीला संसाराच्या पायाशी आणून बसवलं आहे. पण ललिताबाईंनी सीतादेवीची टर उडवू दिलेली नाही. ती कम्युनिस्ट आहेस का म्हणून विचारते आणि नायक आपण कार्टूनिस्ट असल्याचं सांगतो, तेव्हा हशा नायकाला मिळतो, हे खरं. तरी ती तिथून हरलेली दिसत नाही. आपण जे बोलतो त्यावर या बाईचा विश्वास आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत सुटू दिलं नाही. चित्रपट संपल्यावर यावर चर्चा ठेवा. तरुण मुली बोलतील, मला खात्री आहे.

दुसरी संध्याकाळ १९५९ ची, आणि तीनांत एकच करता येणार असेल तर हीच करा. ‘अनाडी’ आणि ‘सुजाता’. हृषीकेश मुखर्जी आणि बिमल रॉय, म्हणजे शिष्य आणि गुरू, दोघांनी एकाच वर्षी एकाच नटीकडून दोन उलट टोकांच्या बायका करून घेतल्या.

‘अनाडी’ची मिसेस डिसा भाड्यासाठी आपल्या भाडेकरूवर, नायक राजवर, खेकसते. खेकसताना तिचे हात काही ना काही करत असतात, आणि ते जे करत असतात ते त्याच्याचसाठी असतं. तोंड एक बोलतं, हात दुसरं बोलतात. मायेचं माणूस दाखवायचं म्हणून आवाज मऊ करणाऱ्या नटी खूप असतात. ललिताबाईंनी आवाज शेवटपर्यंत खरखरीतच ठेवला. म्हणून ती आजारी पडते आणि तो आवाज बारीक होतो तेव्हा आपल्या छातीत गलबलतं. पुढे औषधच तिचा घात करतं, आणि ते औषध बनवणारा कारखाना कुणाचा हे कळतं तेव्हा गोष्ट एका घरमालकिणीच्या मरणापुरती उरत नाही. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षीच्या ‘सुजाता’त त्या बुआजी आहेत. अस्पृश्य घरात जन्मलेली सुजाता एका ब्राह्मण कुटुंबात वाढते, आणि ही नात्यातली म्हातारी तिला पाहिलं की अंग आकसून घेते. ती ओरडत नाही. हात उगारत नाही. सोवळं मोडेल या भीतीनं ती फक्त थोडी मागे सरते. आपल्या आज्यांना आपण असंच मागे सरताना पाहिलं आहे, आणि त्या दुष्ट होत्या असं आपल्याला कधी वाटलं नव्हतं. म्हणूनच ते पाहवत नाही. बुआजीला त्यांनी खलनायिका केलं असतं तर प्रेक्षक सुटला असता. त्यांनी तिला साधी, देवभोळी, भाचरांवर जीव टाकणारी बाई ठेवलं आणि ते विटाळाचं विष तिच्या साधेपणातच मुरलेलं दाखवलं. जात ही आपल्या घरात कशी राहते, यावर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. त्या एका मागे सरण्याइतकं मला कशानंच सांगितलेलं नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहायला नको. ‘सुजाता’ बंगाली कथेवरचा, बंगाली दिग्दर्शकाचा. पण त्या घरातल्या बायका पाहा. सुजाता नूतन, तिला वाढवणारी आई सुलोचनादीदी, बहीण रमा म्हणजे सोलापूरच्या शशिकला, आणि बुआजी ललिताबाई. चौघी मराठी. तुमच्या माहितीपत्रकात एवढं एक वाक्य छापलंत तरी पुष्कळ लोक येतील.

तिसरी जोडी ‘जंगली’ आणि ‘प्रोफेसर’, १९६१ आणि १९६२. ही हसायची संध्याकाळ आहे, तेव्हा ती शेवटी ठेवा. ‘जंगली’त त्या घरात हसण्याला बंदी घालणारी आई आहेत. ते काम त्यांनी चोख केलं आहे, पण त्यावर मी फार थांबत नाही. ‘प्रोफेसर’मधली सीतादेवी मात्र माझी लाडकी. होय, इथंही नाव सीतादेवीच. भाच्यांना शिकवायला म्हातारा मास्तरच हवा असा हट्ट धरणारी कडक बाई. शम्मी कपूर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन येतो आणि ही बाई त्या सोंगाच्या प्रेमात पडते. लोक या प्रसंगांना हसतात आणि हसावंच, लेखकानं ते हसण्यासाठीच लिहिले आहेत. पण आरशासमोर उभी राहून ती स्वतःला न्याहाळू लागते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. आपल्याकडे कुणी पाहील ही आशाच जिनं कितीतरी वर्षांपूर्वी सोडून दिली होती, तिच्या चेहऱ्यावर ती आशा परत येते. तो बारीक डोळा इथे लाजतो. लाजतो हाच शब्द बरोबर आहे, मला दुसरा सापडला नाही. चेहऱ्याला अपघात झाल्यावर नायिकेच्या भूमिका सुटलेल्या नटीनं वीस वर्षांनी हे काम केलं आहे, हे मनात धरून पाहिलं की हसता हसता गळा दाटतो.

आता तुम्ही म्हणाल, सासू आणि मंथरा यांचं काय? ती कामं लपवा असं मी म्हणत नाही. ती कामंही अव्वल आहेत, आणि तीही डोळ्यानं केलेली नाहीत. अपघातानंतर दोन वर्षांत आलेला प्रभातचा ‘रामशास्त्री’ घ्या. त्यात त्या आनंदीबाई होत्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई मराठी माणसाला पडद्यावर दाखवायची म्हणजे केवढं ओझं! प्रत्येक प्रेक्षकानं घरून येतानाच तिचा निकाल लावलेला असतो. तरी ललिताबाईंना ते काम मिळालं आणि त्यांनी ते पेललं. किंवा शांतारामबापूंचा १९५० चा ‘दहेज’ घ्या. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू. तो चित्रपट हुंड्याच्या विरोधात आहे. प्रेक्षक त्या सासूवर चिडला नाही तर चित्रपट बुडालाच म्हणायचा. म्हणजे लोकांनी आपला द्वेष करावा, इतका की घरी जाऊन त्यांना स्वतःच्या घरातली सासू आठवावी, हे त्या कामाचं मोल होतं. नायिकेला टाळ्या मिळतात, सासूला शिव्या. त्या शिव्या त्यांनी चाळीस वर्षं झेलल्या आणि आपण त्यांच्या नावाचाच शिवीसारखा वापर करत राहिलो. मंथरासुद्धा त्यांनी टीव्हीच्या आधी एकदा केली होती, १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये. त्याच साली संगीत नाटक अकादमीनं त्यांचा गौरव केला.

काही व्यवहाराच्या गोष्टी. चित्रपट अख्खे दाखवा, तुकडे नकोत. तुकड्यात फक्त संताप दिसतो, कारण संतापाचा तुकडा कापायला सोपा असतो. मिसेस डिसाचे हात तुकड्यात येत नाहीत, त्यासाठी आधी तासभर तिच्या घरात राहावं लागतं. दोन चित्रपटांच्या मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी ठेवा, चहा द्या, लोकांना बोलू द्या. चांगली डिजिटल प्रत आणि दाखवण्याची रीतसर परवानगी आधी मिळवा. फुटक्या आवाजात त्यांचं काम पाहायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. अमराठी मित्र येणार असतील तर त्यांच्यासाठी उपशीर्षकांची प्रत शोधा. शिवाय एक संध्याकाळ तरी पुण्या-मुंबईच्या बाहेर करा, शक्य झालं तर येवल्यात. पैठणीसाठी गाडी थांबवणारे हजारो लोक तिथं जातात, त्या गावाची ही मुलगी आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

थपडेचा उल्लेख करा, पण एका वाक्यात, आणि तोही चित्रपट संपल्यावर. आधी सांगितलंत की प्रेक्षक पूर्ण वेळ तो डोळाच शोधत बसतो. त्यांच्या अखेरीबद्दलही तेच. २४ फेब्रुवारी १९९८ ला त्या पुण्यात गेल्या, एवढं पुरे आहे. म्हातारपणाची आणि मरणाची वर्णनं ऐकायला आपण जमत नाही आहोत.

तिसऱ्या संध्याकाळनंतर वेळ उरला तर ‘आनंद’ही ठेवा. १९७१ चा. हृषीदांनी बारा वर्षांनी त्यांना पुन्हा बोलावलं आणि पुन्हा नाव दिलं डिसा. या खेपेला इस्पितळातली मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका. सगळ्यांना धाकात ठेवणारी ती बाई त्या मरणाऱ्या मुलापुढे विरघळते, आणि त्यासाठी तिला पडद्यावर मिळतात फक्त काही मिनिटं. सासूबाई हयात असत्या तर त्यांना मी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवलं असतं.

सहाही चित्रपटांवर एकेका पानाची टिपणं मी मराठीत लिहून ठेवली आहेत. हवी असतील त्यांनी घ्यावीत, नाव छापायची गरज नाही. तारीख ठरली की कळवा, मी खुर्च्या मांडायला लवकर येईन.

आपली,
तुमच्याच एका सोसायटीची जुनी सभासद